रंग धनुष्याबरोबर वाकला पाहिजे

सकाळी ७
धामणीच्या लाकडाचे धनुष्य तासून, तोलून तयार आहे. दोरी उतरवली आहे. आज रंगकाम. डिसेंबरची कोरडी हवा या कामाला फार चांगली. कोकणातल्या पावसाळ्यात मी रंगाला हात घालत नाही, कारण दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढरट पडते आणि लाकडातला ओलावा थराखाली कोंडून राहतो.

७:३०
घासकाम. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, २२० आणि शेवटी ३२०. हात चालतो तो लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. धनुष्य ओढले की नेमबाजाकडची बाजू दाबली जाते आणि लक्ष्याकडची ताणली जाते. ताणल्या जाणाऱ्या बाजूवर आडवा ओरखडा राहिला तर तडा तिथूनच जायचा. म्हणून लाकूड उन्हात तिरके धरून बोटाबोटाने तपासतो. ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर उठलेली लव पुन्हा घासतो.

९
स्पिरिटमध्ये रात्रभर भिजलेला चपडा गाळून घेतो. सुती कापडाच्या बोळ्याने लाखेचा पहिला हात अगदी पातळ देतो. स्पिरिट लगेच उडते, पण दुसऱ्या हाताची घाई करत नाही.

१०:३०
गेरू, पिवडी, काजळी. हळदीचा पिवळा मोहक असतो, पण उन्हात उडतो. मातीचे रंग टिकतात. ते अ‍ॅक्रिलिक माध्यमात कालवतो, वाळल्यावरही त्यात लवचिकता राहते. इनॅमलचा जाड थर इथे नकोच.

मुठीजवळचा भाग जेमतेम वाकतो, म्हणून वेलबुट्टी तिथेच भरतो. टोकांकडे नक्षी विरळ होत जाते. धनुष्याचा मालक, कॉलेजात जाणारा मुलगा, डोकावतो.

"काका, टोकांना पितळेची टोपणं बसवू या?"

"नको रे. बाण सुटताना टोकंच सगळ्यात जास्त धावतात. तिथलं वजन बाणाचा वेग खातं. सोनेरी रेघ देतो, चालेल?"

त्याला पटते.

दुपारी २
जेवणानंतर मुठीला बकऱ्याचे पातळ कातडे आणि दोरीच्या खाचांखाली रेशमाचे घट्ट वेढे. खिळा, भोक, कोरीव काम काहीच नाही. लाकडाचे तंतू कापून आलेली शोभा मला नको.

४
रंगावर लाखेचा शेवटचा पातळ हात. मुघलकाळातली शिंग आणि स्नायूंची धनुष्ये फुलापानांनी, सोन्याने रंगवलेली असत. तो रंगाचा थर आतल्या सरसाचे दमट हवेपासून रक्षणही करी. सजावट आणि राखण एकाच कुंचल्याने होते, हे मी त्या कारागिरांकडून शिकलो.

५:३०
आजचे धनुष्य सावलीत टांगतो. लाख पक्की व्हायला काही दिवस जातील. मागच्या आठवड्यात रंगवलेले खाली काढून दोरी चढवतो. आधी थोडे, मग अर्धे, मग पूर्ण ओढतो आणि दर वेळी हळूहळू परत आणतो. रिकामी दोरी कधीच सोडायची नाही, त्या झटक्याने धनुष्य फुटू शकते. मग भिंगाखाली रंग पाहतो. एकाच जागी बारीक भेगा दिसल्या, तर लाकूड तिथे गरजेपेक्षा जास्त वाकते आहे. तसे असेल तर नक्षी कितीही साधलेली असो, ती घासून काढतो, लाकडाचा तोल दुरुस्त करतो आणि पुन्हा रंगवतो. रंगाने दाखवलेला दोष रंगाने झाकायचा नाही, एवढा नियम मी पाळतो.