नेट गेले तरी काम थांबू नये : खिशातला फोन जोडा संगणकाला



पीक विम्याची मुदत संपत आली की गावोगाव एकच वाक्य कानावर येते : "नेट नाही, उद्या या." उद्या गेले तर परवा. परवा शेवटची तारीख, आणि त्या दिवशी सगळा तालुकाच एकदम संकेतस्थळावर तुटून पडलेला. मग माणूस पेरणी, फवारणी सोडून तालुक्याला पळतो. एसटीचे भाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते, आणि तिथेही रांगच. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो कसाबसा पोहोचतो. एकटी कसणारी बाई किंवा म्हातारा माणूस मात्र घरीच राहतो, आणि योजनेच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी, की त्याच वेळी त्याच खोलीत बसलेल्या दहा जणांपैकी सहा-सात जणांच्या खिशात चालू नेट असते! फोनवर व्हिडिओ चालू, आणि समोरचा संगणक बंद. फोनमधले हे नेट संगणकाला देता येते. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, वेगळा अर्ज लागत नाही. लागते ती पाच मिनिटांची माहिती. तीच आज बघू.

फोन मोडेमचे काम कसे करतो?

मोडेम म्हणजे बाहेरून येणारा संदेश संगणकाला समजेल असा करून देणारे यंत्र. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर टॉवर हा कालवा, फोन हे चारीचे दार आणि संगणक हे आपले शेत. कालव्याला पाणी असेल आणि दार उघडले, तरच शेतात पाणी येणार. कालवाच कोरडा असेल, म्हणजे फोनला रेंजच नसेल, तर दार कितीही उघडा, उपयोग नाही. ही मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी.

ही युक्ती नवी नाही. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. तेव्हा टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून नेट घ्यावे लागे. पुढे जीपीआरएस आले, तेव्हा बटणाचा फोन केबलने संगणकाला जोडून *९९# हा क्रमांक लावला, की नेट सुरू होई. सुरुवातीच्या मोबाईल मोडेमचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आजचा ५०० केबीचा एक सातबारा किंवा कोटेशन त्या वेगाने चढवायला सात मिनिटे लागली असती. आज बऱ्या रेंजमध्ये तेच काम काही सेकंदांत होते. युक्ती जुनीच आहे, कालवा मात्र मोठा झाला.

जोडण्याच्या तीन रीती

पहिली रीत, केबलची. ही पाइपलाइनसारखी आहे. गळती नाही, शेजारी कुणी पाणी ओढत नाही. फोनचे डेटा सुरू करा. चार्जिंगची केबल फोनला आणि संगणकाला लावा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' शोधा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबल लावल्याशिवाय हे बटण दाबले जात नाही, म्हणून आधी केबल, मग बटण. ग्रामपंचायतीतल्या जुन्या टेबलावरच्या संगणकाला पुष्कळदा वाय-फाय नसते, तिथे ही रीत उत्तम. फोनही चार्ज होत राहतो.

इथे एक ठेच बहुतेकांना लागते. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींतून फक्त चार्जिंग होते, माहिती जात नाही. फोन चार्ज होतोय, पण बटण काही दाबले जात नाही, असे झाले तर फोनला दोष देऊ नका, केबल बदलून बघा. फोनसोबत आलेली केबल जपून ठेवावी ती यासाठीच.

दुसरी रीत, वाय-फाय हॉटस्पॉटची. ही तुषार सिंचनासारखी. तार नको, एका फोनवर दोन-तीन लॅपटॉपही चालतात. पण तुषाराचे पाणी शेजारच्या बांधावरही पडते, तसे हे नेट भिंतीपलीकडेही जाते. म्हणून पासवर्ड घातल्याशिवाय हॉटस्पॉट उघडू नये. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉटचे नावच दिसत नसेल, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

तिसरी रीत ब्लूटूथची. ही ठिबकसारखी, धार बारीक, पण बॅटरी कमी खाते. लहानसा फॉर्म पाठवायचा असेल तर चालते. मोठे काम हिच्यावर काढू नये.

डेटाचा हिशेब

"दादा, माझा डेटा संपला तर?" हा प्रश्न येणारच, आणि रास्त आहे. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर त्यात ५०० केबीची साधारण तीन हजार कागदपत्रे जातील. म्हणजे गावचे अर्ज भरून डेटा संपत नाही. तो संपतो भलत्याच गोष्टींनी. संगणकाला नेट मिळाले रे मिळाले, की तो आपणहून स्वतःची दुरुस्ती उतरवायला लागतो. विंडोजचे एक अपडेट शेकडो एमबी, कधी काही जीबीसुद्धा खाते. ते थांबवण्यासाठी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवावे. बाकी उघडी पाने आणि व्हिडिओ बंद करावेत.

दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये नेट बंद पडत नाही, वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. ५०० केबीचा कागद चढायला मिनिटभर लागेल. एखादे संकेतस्थळ तेवढी वाट पाहत नाही, मध्येच बाहेर काढते. तेव्हा कागद स्कॅन करतानाच लहान आकारात करावेत आणि आधी नावनिशी वेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवावेत. ऐन वेळी स्कॅन करत बसू नये.

रेंज कमी असेल तर

पत्र्याचे छत आणि जाड भिंत रेंज अडवतात. फोन खिडकीत किंवा उंच जागी ठेवून बघावा. दोन सिमचा फोन असेल, तर गावात ज्या कंपनीचा टॉवर जवळ आहे, त्या सिमवर डेटा लावावा. संध्याकाळी सगळे गाव फोनवर असते, तेव्हा टॉवरवर गर्दी होते. पहाटे किंवा सकाळी लवकर तेच काम भरभर होते. उन्हाळ्यात हॉटस्पॉटवर फोन तापतो. कव्हर काढून सावलीत ठेवावा.

वीज गेल्यावर टेबलावरचा संगणक बंदच. लॅपटॉप असेल तर तो आणि फोन, दोन्ही आदल्या रात्री भरून ठेवावेत. मुदतीच्या आठवड्यात हे रोजचे काम समजावे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

गावोगाव ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. तारेचे नेट असेल तर ते वापरावेच, फोन हा त्याला पर्याय नाही. पण समजा, पाइपलाइनचा चर खोदताना जेसीबीच्या दाताखाली फायबर आली. दुरुस्तीचा माणूस यायला चार दिवस. त्याच चार दिवसांत पंचायतीच्या कामांची बिले काढायची आहेत. ई-ग्रामस्वराजवर पैसे वर्ग करायला सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची डिजिटल सही लागते. ती सहीची किल्ली संगणकाला लावावी लागते. नुसत्या मोबाईलवर हे भागत नाही. इथे फोनचे नेट संगणकाला मिळाले, तर मजुराचे आणि पुरवठादाराचे पैसे अडकत नाहीत.

पण ग्रामसेवकाने दर वेळी स्वतःचा फोन आणि स्वतःचा रिचार्ज का वापरावा? त्यापेक्षा मासिक सभेत विषय ठेवावा. पंचायतीचे एक वेगळे सिम, एक साधा स्मार्टफोन आणि एक चांगली केबल, एवढे कपाटात असू द्यावे. रिचार्ज कोण करणार, फोन कोणाच्या ताब्यात राहणार, हे त्याच सभेत लिहून ठरवावे. आणि महिन्यातून एकदा, सगळे सुरळीत चालू असताना, ही जोडणी करून बघावी. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते.

सावधपणा हवाच

फोन आपला, सिम आपल्या नावावर. त्या नेटवरून कुणी काही उपद्व्याप केला, तर विचारणा आपल्याकडे येते. म्हणून अनोळखी माणसाला हॉटस्पॉट देऊ नये आणि काम झाले की लगेच बंद करावा.

दुसरे, संगणक सार्वजनिक असेल तर अर्ज भरून झाल्यावर बाहेर पडावे, म्हणजे 'लॉग आऊट' करावे. 'पासवर्ड जतन करायचा का?' असे संगणकाने विचारले तर 'नाही' म्हणावे. आधार, बँकेचे पासबुक, सातबारा यांच्या प्रती डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहतात. त्या पुसून मगच उठावे. सरपंचांनी डिजिटल सहीची किल्ली कामापुरती काढावी आणि आपल्याजवळ ठेवावी. ती ऑपरेटरकडे सोडून जाणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणे.

तिसरे, ओटीपी. अर्ज आपण स्वतः भरत असताना आलेला ओटीपी त्याच जागी टाकावा. फोन करून कुणी 'तुमचा अर्ज अडकलाय, ओटीपी सांगा' म्हणाला, तर सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

एवढे या आठवड्यात करा

घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना सोबत घ्या. त्यांना हे येत असते, आपण विचारत नाही एवढेच. एकदा केबलने, एकदा हॉटस्पॉटने नेट जोडून सातबाऱ्याचे संकेतस्थळ उघडून बघा. कुठली केबल चालते, कुठल्या सिमला रेंज आहे, खोलीत कुठे बसले म्हणजे नेट टिकते, हे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. बचत गटाच्या ताईंनाही दाखवा, कारण अनेक गावांत गटाचा हिशेब आणि अर्जांची धावपळ त्याच करतात.

पाऊस आपल्या हातात नाही, बाजारभाव नाही, तालुक्याची रांगही नाही. पण नेट गेले म्हणून गावातल्या कुणाचा अर्ज राहिला, असे होऊ न देणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे. मुदत जवळ येण्याआधी केबल शोधून ठेवा.