टपालाच्या शिक्क्यात दडलेली निजामी सरहद्द

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील हेमाडपंती मंदिरांमुळे आणि कोरीव स्तंभामुळे. दगडातील हा इतिहास निदान डोळ्यांना दिसतो. याच परिसराचा दुसरा एक इतिहास मात्र जुन्या ट्रंकांमध्ये, माळ्यावरच्या गाठोड्यांमध्ये आणि पिवळ्या पडलेल्या पाकिटांवर आहे. तो टपालाचा आहे, आणि तो वाचणारे आता फार थोडे उरले आहेत.

१९३० सालची कल्पना करावी. चारठाण्यातील एखाद्या गृहस्थाला दोन पत्रे धाडायची आहेत. एक तेलंगणातील वरंगळला, दुसरे शेजारच्या वऱ्हाडातील लोणारला. वरंगळ शेकडो मैल दूर, तर लोणार जवळजवळ उशालाच. तरीही टपालाच्या दृष्टीने वरंगळचे पत्र घरचे आणि लोणारचे परक्या मुलखातले. वरंगळच्या पत्राला निजाम सरकारचे तिकीट पुरे होई. लोणारला मात्र त्या तिकिटाची किंमत शून्य. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते आणि तेथे चालणारे टपाल ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. अंतर नव्हे, तर सरहद्द पत्राचे मोल ठरवीत होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र चालणारी तिकिटे १८५४ मध्ये आली. हैदराबाद संस्थानाने त्यानंतर पंधरा वर्षांनी, ८ सप्टेंबर १८६९ रोजी, आपले पहिले तिकीट काढले. ते एक आण्याचे होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान त्या वेळी जेमतेम तीन वर्षांचे होते आणि कारभाराची सूत्रे दिवाण सालारजंग यांच्या हाती होती. जिल्ह्यांची रचना, महसूल, न्यायालये यांची नवी घडी सालारजंगांनी बसविली, तिचाच एक भाग म्हणून टपालाकडे पाहिले पाहिजे. तालुक्याचा अहवाल जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा राजधानीला वेळेवर पोहोचल्याशिवाय अशी घडी टिकणार कशी?

स्वतंत्र टपाल ही केवळ आपल्याकडच्या संस्थानिकांची हौस होती, असेही नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग हे व्यापारी नगरराज्य १८५९ पासून स्वतःची तिकिटे काढत होते. शिवाय त्या एकाच शहरात प्रशिया, हॅनोव्हर, डेन्मार्क अशा अनेक राज्यांची स्वतंत्र टपाल कार्यालये होती. पत्र कोणत्या गावी जायचे, त्यावर कोणत्या कार्यालयाची पायरी चढायची हे ठरे. १८६८ च्या आरंभी उत्तर जर्मन संघाने टपाल एका छत्राखाली आणले आणि हॅम्बुर्गची तिकिटे इतिहासजमा झाली. तिकडे हा गोंधळ मिटला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी इकडे निजामाचे तिकीट जन्मले. मराठवाड्याला एकाच टपालाची वाट पाहण्यासाठी आणखी आठ दशके काढावी लागली.

दरम्यान मराठवाड्यातही हॅम्बुर्गसारखाच, पण लहान प्रमाणावर, प्रकार होता. जालना, हिंगोली यांसारख्या छावण्यांच्या ठिकाणी फौजेमुळे इंग्रजी टपालाचा वावर होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाल्यावर बाहेरच्या मुलखाशी दळणवळण वाढले. पुणे-मुंबईला पत्र पाठविणाऱ्याला इंग्रजी तिकीट लागे. ते नसले तर पत्र ‘बेरंग’ ठरे आणि दंडासह हशील घेणाऱ्याच्या माथी बसे. त्यात पैशांचाही घोळ. संस्थानात ‘हाली’ रुपया चाले, इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत, आणि साधारणतः सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. पुण्यात शिकणाऱ्या मुलाची खुशाली विचारणाऱ्या बापाला आधी नाण्यांचे गणित करावे लागे!

तिकिटांवर मात्र मराठीला जागा होती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १८७१ पासूनच्या तिकिटांवर मधोमध फारसी अक्षरांत सरकारचे नाव आणि भोवती इंग्रजी, उर्दू, तेलुगू व मराठी अशा चार भाषांत किंमत छापलेली असे. १९३१ च्या चित्रमय मालिकेत चारमिनार, उच्च न्यायालय, उस्मानसागर यांच्याबरोबर आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा विजयस्तंभ, म्हणजे चाँदमिनार, झळकला. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली ही दोन्ही तिकिटे महागाची होती. साध्या पत्राला ती लागतच नसत. त्यामुळे खेड्यापाड्यात ती किती जणांच्या हाती पडली असतील, हा प्रश्नच आहे.

खरी गंमत आहे ती तिकिटावर मारलेल्या शिक्क्यात. तिकीट राजधानीत छापले जाते आणि सर्वत्र सारखेच असते. शिक्का मात्र एका गावाचा आणि एका दिवसाचा असतो. पत्र कोठून निघाले, कधी निघाले आणि मागील बाजूला शिक्का असेल तर कधी पोहोचले, हे तोच सांगतो.

संस्थानातील शिक्क्यांवर गावाचे नाव उर्दू लिपीत असे. उर्दूत ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरे नाहीत. त्यामुळे परभणी लिहिली की ‘परभनी’ होते, चारठाणा ‘चारठाना’ होतो आणि कळमनुरी ‘कलमनुरी’. गावातील माणूस जे नाव दिवसातून दहा वेळा उच्चारतो, ते सरकारी ठशात त्याच्या ओळखीचे राहत नसे. आज त्या शिक्क्यांवरून गाव शोधणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

अंकांचा घोटाळा तर याहून मोठा. उर्दूतील नऊचा आकडा आपल्या देवनागरी एकासारखा दिसतो. सातचा आकडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, तर आठ म्हणजे तोच उलटा केलेला. घाईगर्दीत शिक्का उलटा बसला की सातचे आठ आणि आठचे सात! म्हणून आधी गावाच्या नावावरून शिक्क्याची सुलट बाजू ठरवावी आणि मगच तारखेकडे वळावे.

वर्षाचा आकडा तेराशेच्या घरातील दिसला, तर दचकण्याचे कारण नाही. संस्थानचा कारभार फसली सनावर चाले. हे सरकारी वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास ‘आझर’ महिन्याने सुरू होई आणि ‘आबान’ महिन्याने संपे. फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतचे इसवी वर्ष मिळते. जानेवारीपासून पुढच्या तारखांसाठी ५९१ मिळवावे लागतात. या हिशेबाने आबान १३५७ म्हणजे सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, तोच हा महिना. त्या महिन्याचा शिक्का असलेले साधे कौटुंबिक पत्रही त्यामुळे इतिहासाचे साधन ठरते. हिजरी सन वेगळा, हेही येथेच सांगायला हवे. निजामाच्या नाण्यांवर हिजरी वर्ष असते. त्याला फसलीचे गणित लावले की सारेच चुकते.

निजामी सत्ता संपली, तरी तिचे टपाल लगेच थांबले नाही. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने पुरातत्त्वविषयक मालिका काढली, तिच्यातील तीन पैच्या तिकिटावर अजिंठाच होता. पण ज्या मराठवाड्यात अजिंठा आहे, तेथे तेव्हाही संस्थानचे टपाल चालू होते. १९५० मध्ये ते भारतीय टपाल खात्यात विलीन झाले आणि लोणारचे पत्र अखेर घरचे झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या मराठी पंडिताने आखलेल्या या पद्धतीत महाराष्ट्र आणि गोव्याला चार हा आरंभीचा अंक मिळाला.

या साऱ्या स्थित्यंतरांचे पुरावे मात्र झपाट्याने नाहीसे होत आहेत, आणि त्याला जबाबदार केवळ वाळवी नाही. पाकिटावरचे तिकीट कापून, पाण्यात भिजवून सोडवायचे आणि वहीत चिकटवायचे, ही छंदाची जुनी रीत आहे. तिच्यात तिकीट वाचते, पण अर्धा शिक्का, पत्ता आणि पाठीमागची पोहोच रद्दीत जाते. एखाद्या आडगावी टपाल कचेरी कधी उघडली, याची नोंद दप्तरात सापडली नाही, तर तेथील शिक्का असलेले सर्वांत जुने पाकीटच काय ती साक्ष देते. असे पाकीट हाती आले, तर ते पुसू नये, चिकटपट्टीने जोडू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. आम्लरहित कागदात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावे आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून घ्यावे. पाठीमागची बाजू बहुतेक जण विसरतात. पोहोचेचा शिक्का नेमका तेथेच असतो.