इंजिन थांबल्यावरचे पाणी

मोटारगाडीतल्या तारांना आकड्यांची एक भाषा असते. जर्मनीत तयार झालेल्या डीआयएन ७२५५२ या मानकातून ती जगभर गेली. या मानकाचे नावही न ऐकलेले आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन ती रोज वापरतात. ३० म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, कायम जिवंत असलेली तार. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. ३१ म्हणजे अर्थ. रिलेच्या बुडाशी ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात, तेही याच भाषेतले. शर्यतीच्या गाडीतला विजेवर चालणारा पाण्याचा पंप १५ वर घ्यायचा की ३० वर, या एका प्रश्नाने माझी दोन वर्षे घेतली. त्या दोन वर्षांत जे कळले, ते येथे मांडतो.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पोटासाठी विहिरींवरच्या मोटारी रिवाइंड करण्याचे काम करत आलो आणि विजेबद्दल जे समजले ते जळालेल्या मोटारी उघडून समजले. तीन वर्षांपूर्वी जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले एक बारका पंप घेऊन माझ्याकडे आली. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. मुलांनी स्वतः आखलेली, स्वतः बांधलेली एका आसनाची गाडी तेथे पळवायची असते. पुष्कळ महाविद्यालये अशा गाडीत केटीएम ३९० मोटारसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन बसवतात. ही मोटारसायकल आपल्या चाकणला बनते. या मुलांचेही इंजिन तेच.

त्या इंजिनाला स्वतःचा पंप असतोच. मग दुसरा कशाला? मूळ पंप इंजिनाच्या फेऱ्यांना जखडलेला असतो. इंजिन पळाले की तो पळतो, इंजिन मंद झाले की तो मंद होतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचे गणित असे, की फेऱ्या दुप्पट झाल्या तर पाणी दुप्पट, दाब चौपट आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणजे सरळ रस्त्यावर इंजिनाची ताकद उगाच खायची आणि वळणावर, गाडी हळू असताना, पाणी कमी द्यायचे. पंपाला स्वतःची मोटार दिली की हे नाते तुटते. २००४ साली बीएमडब्ल्यूने एन५२ या इंजिनात विजेचा पंप बसवून तो रोजच्या गाडीत आणला. शर्यतीच्या जगात मात्र तो सुटा, नंतर जोडायचा भाग म्हणून विकत मिळतो.

मुळात पंप हवाच असेही नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार नगांना पाण्याचा पंप होता, पुढे तो काढून टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली येते, एवढ्यावर त्या लक्षावधी गाड्या चालल्या. आपल्या गच्चीवरचा सोलर आजही असाच चालतो. पण सोलरला कुणी २२ किलोमीटर पळवत नाही.

किती पाणी फिरले पाहिजे, याचा अंदाज कागदावर करता येतो. इंजिनाची शक्ती तीसेक किलोवॉट धरली, तर ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यात उतरते असे धरून चालतात. इंजिनात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात दहा अंशांचा फरक चालेल असे ठरवले, तर मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी फिरवावे लागते. पंपाच्या डब्यावर यापेक्षा बराच मोठा आकडा असतो. पण तो नळ्या, रेडिएटर, वळणे काही नसतानाचा आकडा. विहिरीवरच्या पंपाचा हेड विचारल्याशिवाय शेतकरी पंप घेत नाही. मुलांनी तो विचारला नव्हता.

तारेचेही तसेच. आमचा पंप आठ अँपिअर घेतो. बॅटरीपासून पंपापर्यंत तीन मीटर जाणारी आणि तीन मीटर परतणारी तार धरली, ती एक चौरस मिलिमीटरची असली, तर वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट गळतो. बारा-साडेबारा व्होल्टांत हे साडेसहा टक्के झाले. फेऱ्या तेवढ्या कमी होतात आणि दाब वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास तेरा टक्क्यांनी पडतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकली की ही गळती ०.३४ व्होल्टवर येते. शंभर-दीडशे रुपयांचा प्रश्न. फ्यूज मात्र पंपाजवळ नव्हे, बॅटरीजवळ बसवायचा. तो पंपाला नाही, तारेला वाचवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिल्या वर्षी मी पंप पेट्रोलपंपाच्याच रिलेवर घेतला. चावी दिली की दोन्ही चालू, चावी काढली की दोन्ही बंद. म्हणजे १५ वर. तार कमी लागली, सुटसुटीत वाटले. स्पर्धेतली मोठी शर्यत सुमारे २२ किलोमीटरची असते आणि निम्म्यावर चालक बदलतो. त्यासाठी तीन मिनिटे मिळतात आणि तेवढा वेळ इंजिन बंद असते. आम्ही महाविद्यालयाच्या मैदानावर तसाच सराव केला. अकरा किलोमीटर झाले, इंजिन बंद केले, एक मुलगा उतरला, दुसरा बसला, पट्टे आवळले. तेवढ्यात रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसू लागली. जादा पाण्याची बाटली भरून वाहिली. इंजिन पुन्हा सुरू झालेच नाही. हेड गॅस्केट गेले होते.

झाले होते ते असे. इंजिन थांबले म्हणजे जाळ थांबतो, उष्णता थांबत नाही. हेड, पिस्टन, एक्झॉस्टचे तोंड आणि तेल ही सगळी पाण्यापेक्षा कितीतरी तापलेली असतात आणि साठलेली उष्णता ती पाण्यात सोडत राहतात. पाणी हलत नसले तर हेडमधल्या अरुंद जागेत त्याची वाफ होते, वाफ पाण्याला बाहेर ढकलते, आणि जेथे पाण्याची सर्वांत जास्त गरज आहे तेथेच ते उरत नाही. १.१ बारच्या झाकणाखाली पाणी साधारण १२१ अंशांपर्यंत उकळत नाही, पण बंद इंजिनाच्या हेडला तेवढी मजल फार लांब नसते. कूलंट घालून उकळण्याची मर्यादा आणखी वाढवावी तर या स्पर्धांत साधे पाणीच घालण्याची सक्ती आहे. कूलंट सांडले तर ट्रॅक निसरडा होतो.

म्हणजे पंपाचे खरे काम इंजिन थांबल्यावर सुरू होते. हे कळल्यावर दुसऱ्या वर्षी मी पंप सरळ ३० वर, बॅटरीवरून घेतला. ही माझी दुसरी चूक. स्पर्धेला निघण्याआधी एका माजी विद्यार्थ्याने तपासनिसाची भूमिका घेतली. गाडी चालू असताना त्याने बाहेरचा मास्टर स्विच फिरवला. इंजिन थांबले. त्या शांततेत पंप घुंघुं करत राहिला.

“काका, हा अजून चालू आहे,” तो म्हणाला. त्याला पुढे काही सांगावे लागले नाही.

मास्टर स्विच असतो तो अपघातासाठी. गाडी उलटली, पेट्रोल सांडले, चालक आत अडकला, तर धावत आलेल्या माणसाने एक स्विच फिरवावा आणि गाडीतली प्रत्येक तार मेली पाहिजे. ‘पाण्याचा पंप सोडून’ अशी सूट त्यात नाही आणि नसावीच. पंपाच्या जिवंत तारेची एक ठिणगी पुरते. आदल्या वर्षी मी इंजिन घालवले होते. या वेळी काय गेले असते, त्याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

उत्तर दोन स्विचांच्या मधे सापडले. बाहेरचा मास्टर स्विच सगळे तोडतो. चालकासमोरच्या बटणाचे काम इग्निशन आणि पेट्रोलपंप तोडण्याचे. पाण्याचा पंप मास्टरच्या नंतर, पण चालकाच्या बटणाच्या आधी जोडायचा. चालक बदलताना बटण दाबले की इंजिन थांबते, पाणी फिरत राहते. मास्टर फिरवला की सगळे गप्प. आमच्या पंपाने तीन मिनिटांत बॅटरीचे ०.४ अँपिअर-तास खाल्ले. बॅटरी निवडताना ते आणि स्टार्टरचा झटका, दोन्ही धरावे लागले.

पण यात आणखी एक गुंता होता. मुलांना पंप नेहमी पूर्ण वेगाने नको होता, तापमानाप्रमाणे वेग हवा होता. त्यासाठी कंट्रोलर पुरवठ्याचे सेकंदाला शेकडो तुकडे करून पाठवतो. ते काम टिकटिक करणाऱ्या रिलेला जमत नाही, मॉस्फेट लागतो. मोटारीला समांतर डायोड न लावता मी तीन मॉस्फेट जाळले. ट्यूबलाइटचा चोक पुरवठा तुटताच जो झटका देतो, तोच झटका मोटारीची वेटोळी देतात, आणि हे मला, आयुष्यभर वेटोळी भरणाऱ्या माणसाला, तिसऱ्या मॉस्फेटपर्यंत सुचू नये! असो.

गुंता हा, की कंट्रोलर मेला तर मॉस्फेट उघडा राहतो आणि पंप थांबतो. पेट्रोलपंपाच्या बाबतीत असेच व्हायला हवे. बिघाड झाला की पेट्रोल बंद. पाण्याचे उलटे आहे. बिघाड झाला तर पाणी चालू राहिले पाहिजे. येथे रिलेचा पाचवा पाय, ८७ए, कामाला आला. बहुतेक जण तो मोकळा सोडतात. रिलेच्या कॉइलला वीज नसताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, वीज मिळाली की ३० सुटून ८७ ला जाते. आम्ही कंट्रोलर धडधाकट असेपर्यंत त्यानेच कॉइलला वीज द्यावी अशी जोडणी केली. तोवर ८७ए तुटलेला आणि पंप मॉस्फेटच्या ताब्यात. कंट्रोलर बंद पडला, कॉइलची तार तुटली, काहीही झाले, तरी रिले सैल पडतो आणि पंपाला ८७ए वरून पूर्ण पुरवठा मिळतो. रिलेचा ३० नंबरचा पाय मात्र मास्टर स्विचच्या पलीकडूनच आलेला.

तापमानाचा सेन्सर कुठे बसवायचा, यावरही मुलांशी वाद झाला. त्यांना तो रेडिएटरजवळ हवा होता, कारण तेथे जागा होती. पाणी फिरायचे थांबले तर रेडिएटरमधले पाणी गारच दिसणार, आणि कंट्रोलर म्हणणार की सगळे ठीक आहे, पंप हळू करा. सेन्सर हेडमधून पाणी बाहेर पडते तेथेच हवा. तेथेही धोका उरतो. नळी फुटून पाणी गेले, तर कोरडा पडलेला सेन्सर खोटे, कमी तापमान सांगू शकतो. म्हणून आम्ही पाण्याच्या दाबाचा सेन्सरही लावला. पंप शक्य तितका खाली, रेडिएटरनंतरच्या गार बाजूला ठेवला. पहिल्या भरण्यात त्याने हवा धरली होती, तेव्हा मी नाक दाबून बसलेल्या विहिरीच्या पंपाला करतो तेच केले. वरची नळी सोडून हवा काढली.

यंदा जूनमध्ये पुन्हा मैदानावर अकरा किलोमीटर झाले. इंजिन बंद केल्यावर हेडचे तापमान आधी तीन अंश चढले, मग उतरू लागले. तीन मिनिटांनी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नंतर एका मुलीने चालत्या गाडीत कंट्रोलरचा प्लग उपटला आणि पंपाचा आवाज चढला. मग तिने मास्टर फिरवला, आणि कुठलाच आवाज उरला नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. ८७ए चा संपर्क नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर टिकतो आणि एक सिलिंडरचे इंजिन गाडी खडखडून हलवते. रिले सध्या रबरी पट्टीवर टांगला आहे. पावसाळ्यानंतर तो चालत्या इंजिनाशेजारी तासभर ठेवून, पंपाचा पुरवठा मधेच तुटतो का, हे मीटर लावून पाहायचे ठरले आहे.