चिंबोऱ्यांची शेती

शेती म्हटली कीं नांगर, बैल आणि धान्याची रास एवढेंच चित्र आपल्या मनांत उभें राहतें. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावर, जेथें खाडीचें खारें पाणी भरतीबरोबर आंत येतें आणि ओहोटीबरोबर परत जातें, तेथें एक निराळीच शेती होऊं लागली आहे. तिचें पीक दहा पायांचें आहे. तें बेसावधपणें धरूं गेल्यास बोट चिरडतें, आणि संधि मिळतांच शेजारच्या पिकासच खाऊन टाकतें. हें पीक म्हणजे खाडींतील चिंबोरी. दक्षिण कोंकणांत व गोमंतकांत हिलाच कुर्ली म्हणतात. हिची शेती कशी करितात आणि ती कोठें अडते, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

चिंबोरीचें सारें आयुष्य तिच्या कवचाशीं बांधलेलें आहे. आपलीं हाडें शरीराच्या आंत असून तीं आपल्याबरोबर वाढतात. चिंबोरीचें कवच बाहेर असतें व तें वाढत नाहीं. म्हणून तिला मोठें व्हावयाचें झाल्यास जुनें कवच टाकावेंच लागतें. तें मागील बाजूस उकलतें व ती मागच्या मागें त्यांतून बाहेर पडते. त्या वेळीं तिचें अंग अगदीं मऊ असतें. ती पाणी शोषून फुगते आणि त्या वाढलेल्या मापावर नवें कवच कठीण होतें. अशी चिंबोरी दिसावयास मोठी, पण आंत मांसाऐवजीं पाणीच फार. हिलाच पोकळ चिंबोरी म्हणतात व बाजारांत तिला भाव येत नाहीं. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असा समज किनाऱ्यावर रूढ आहे. तिथीचें कांहींही असो. कवच नुकतें बदललें असेल तर चिंबोरी पोकळ, आणि त्यानंतर पोटभर खाण्यास मिळालें असेल तर ती भरलेली, हें मात्र निश्चित.

याच गोष्टीवर या शेतीची पहिली रीत उभी आहे. पोकळ चिंबोऱ्या स्वस्तांत घेऊन तळ्यांत सोडावयाच्या, तीन-चार आठवडे चारावयाच्या आणि मांस भरलें म्हणजे नांग्या दोरीनें बांधून जिवंतच बाजारांत पाठवावयाच्या. त्यांच्या एकंदर वजनाच्या शेंकडा ५ ते १० इतकी हलकी मासळी किंवा शिंपल्यांतील मांस रोज घालावें लागतें. चिंबोरी रात्रीं हिंडणारी असल्यामुळें चारा संध्याकाळीं टाकणें बरें. दुसऱ्या रीतींत लहान पिलें आणून तीं सहा ते नऊ महिने वाढवितात.

तळें खाडीलगत, चिकण मातीचें असावें. त्यांत सुमारें १ मीटर पाणी राहावें आणि उघाडीच्या द्वारें तें भरती-ओहोटीबरोबर बदलतां यावें. चिंबोरी बांध पोखरते व चढूनही जाते. म्हणून सभोंवार जाळ्याचें कुंपण घालून त्याची वरची कड आंत झुकवितात. पावसाळ्यांत गोडें पाणी मिसळून खारेपणा एकदम उतरतो, त्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें.

परंतु सर्वांत मोठा शत्रु बाहेरचा नसून आंतलाच आहे. कवच टाकून मऊ पडलेल्या चिंबोरीस तिचीच भावंडें फाडून खातात. यावर उपाय म्हणून शेतकरी दाटी करीत नाहींत, एका मापाच्याच चिंबोऱ्या एकत्र ठेवितात आणि लपण्यासाठीं तळाशीं नळ्यांचे व कौलांचे तुकडे टाकतात. कित्येक जण तर प्रत्येकीस स्वतंत्र पेटींत ठेवितात.

एवढी दक्षता घेतली तरी एक प्रश्न उरतो: बीं कोठून आणावयाचें? मादी पोटाखालीं दहा लाखांहूनही अधिक अंडीं वागविते. पण तीं घेऊन ती खाडी सोडून खुल्या समुद्राकडे जाते, कारण कोवळ्या जीवांस समुद्राचाच खारेपणा मानवतो. सहा रूपें पालटल्यावर त्यांस खेकड्याचा आकार येतो, आणि मग तीं पिलें खाडींत परतून कांदळवनाच्या मुळांत आसरा घेतात. तळ्यांत हें चक्र पुरें होत नाहीं. यास्तव तामिळनाडूंत तोडुवाई येथें राजीव गांधी मत्स्यशेती केंद्रानें उबवणी केंद्र काढलें असून २०१३ सालापासून तेथील पिलें शेतकऱ्यांस मिळूं लागलीं. तरीही उबविलेल्या शंभरांपैकीं दहा जगलीं तर पुष्कळ, असें हें नाजूक काम आहे. त्यामुळें आजही पुष्कळ तळ्यांचें बीं खाडींतूनच धरून आणितात.

येथें थोडा हिशेब करून पाहावा. पोकळ चिंबोरी पुष्ट केली तर मांस वाढतें, चिंबोऱ्यांची संख्या एकानेंही वाढत नाहीं. खाडींतलीं पिलें तळ्यांत नेलीं तर तळें भरतें व खाडी रिकामी होते. जो शेतकरी दुसऱ्याच्या कणगींतून बीं घेतो आणि परत कांहींच घालीत नाहीं, त्याची शेती किती वर्षें चालणार? महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं कांदळवनांचें रक्षण आणि किनाऱ्यावरील लोकांची उपजीविका यांची सांगड घालणारी योजना काढली व तींत चिंबोऱ्यांच्या शेतीसही स्थान दिलें, तें याच जाणिवेनें. कांदळवन तोडून तळें खणणें म्हणजे कणगीच जाळणें होय.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची घरें खाडीकांठीं आहेत. जाळ्यांत अंडीं असलेली मादी किंवा तळहाताएवढेंही न भरणारें पिलूं आलें, तर तें पुन्हां पाण्यांत सोडणें त्यांच्या हातीं आहे. त्या दिवशींच्या कालवणांत थोडी उणीव राहील खरी. पण पुढच्या पिकाची पेरणी त्याच क्षणीं झालेली असेल.