डाउन लक्षणसमूहातील शारीरिक वाढ व वृद्धी हॉर्मोन

एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन प्रतींत असल्यामुळे उद्भवणारी जन्मजात विकृती म्हणजे डाउन लक्षणसमूह होय. जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश वैद्यांनी तिचे वर्णन १८६६ मध्ये केले; गुणसूत्रीय कारण मात्र १९५९ मध्ये उघडकीस आले. बौद्धिक मांद्याइतकाच ठेंगणेपणा हाही तिचा ठळक विशेष आहे. ही बालके जन्मतःच किंचित आखूड असतात. वाढीतील खरी पिछेहाट सहा महिने ते तीन वर्षे या काळात होते आणि पौगंडावस्थेतील झेपही तोकडी पडते.

पोष ग्रंथीतून स्रवणारे वृद्धी हॉर्मोन बव्हंशी यकृतात तयार होणाऱ्या इन्शुलिनसदृश वृद्धिघटकामार्फत हाडांवर कार्य करते. या बालकांत हॉर्मोनाची स्पष्ट न्यूनता क्वचितच असते. वृद्धिघटकाचे प्रमाण मात्र पुष्कळदा कमी आढळते. त्यामुळे हॉर्मोन बाहेरून देण्याची कल्पना पुढे आली. पूर्वी ते मृतांच्या पोष ग्रंथींपासून काढीत. त्यातून मेंदूचा घातक क्रॉइट्सफेल्ट-याकोप रोग संक्रमित झाल्याचे १९८५ मध्ये कळल्यावर अमेरिका व ब्रिटन येथे त्याचा वापर थांबला. त्याच वर्षापासून जनुकीय तंत्राने बनविलेले हॉर्मोन मिळू लागले. स्वीडनमध्ये १५ बालकांना सहा ते नऊ महिन्यांच्या वयापासून तीन वर्षे ते देण्यात आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचारकाळात उंची वाढली, तो थांबताच वाढीचा वेग मंदावला. बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. या बालकांत ल्युकेमियाचा धोका मुळातच अधिक असतो, हेही विसरता येत नाही. केवळ ठेंगणेपणासाठी हे इंजेक्शन सरसकट देणे म्हणूनच समर्थनीय नाही.

याउलट, वाढ खुंटविणारी काही कारणे सुधारता येण्याजोगी असतात व तीच दुर्लक्षिली जातात. सुमारे निम्म्या बालकांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. अवटू ग्रंथीची न्यूनता सर्वसामान्य बालकांहून कितीतरी अधिक आढळते. तिची सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा ही लक्षणे मूळ विकृतीचीच समजली जातात आणि गोळीने भरून निघणारी उणीव तशीच राहते. म्हणून जन्मतः, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करतात. ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक रोग व झोपेतील श्वासरोध यांचाही शोध घ्यावा लागतो.

उंची-वजनाची नोंद या बालकांसाठीच केलेल्या आलेखांवर करणे इष्ट. असे नवे आलेख अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरही बालकाची रेषा खाली उतरू लागली, तर प्रथम अवटू ग्रंथी तपासतात.