मालकाला एक मत, हमालालाही एकच

१९९५ साली मी हाँगकाँगच्या एका आयात-निर्यात पेढीत हिशेब लिहीत होतो. पासपोर्ट भारताचा, पण तिथं सात वर्षं राहिलेल्या माणसाला मतदानाचा हक्क होता. १७ सप्टेंबरला मी दोन मतं दिली: एक राहत्या भागासाठी, दुसरं आयात-निर्यात मतदारसंघात.

हे दुसरं मत नीट समजून घ्यायला हवं. व्यवसायांसाठी राखीव जागा विधिमंडळात १९८५पासून होत्या. मात्र व्यापारउद्योगाच्या जागांवर मत असायचं कंपनीचं किंवा संघटनेच्या सभासदाचं. तिथं राबणाऱ्याचं नव्हे. १९९०मध्ये हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यासोबत चीननं, ब्रिटनकडून आपल्याकडे होणाऱ्या हस्तांतरानंतरच्या पहिल्या विधिमंडळातल्या ६० जागांची वाटणी ठरवली: ३० व्यवसायांच्या, २० थेट निवडणुकीच्या, १० निवडणूक समितीच्या. व्यवसायाचे मतदार कोण, हे मात्र मोघम राहिलं. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी ऑक्टोबर १९९२मध्ये नेमकी हीच फट गाठली. नऊ नवे मतदारसंघ करून त्यांनी सुमारे २७ लाख नोकरदार-कामगारांना मत देऊ केलं. मतदानाचं वय २१वरून १८वर आणलं, नेमलेले सदस्य बंद केले.

बीजिंग खवळलं. हाँगकाँगचा कारभार पाहणारे चिनी अधिकारी लू पिंग यांनी तर पॅटनना हजार वर्षांचा गुन्हेगार ठरवलं. दीडशे वर्षं राज्य करताना ब्रिटिशांना लोकशाही आठवली नाही, हा चीनचा आक्षेप मला मान्य आहे. गव्हर्नर मार्क यंग यांची १९४६ची सुधारणा-योजना लंडननंच १९५२मध्ये गुंडाळली होती. तरीही पॅटन यांचं पाऊल योग्यच होतं. जून १९९४मध्ये ते सौम्य करणारी दुरुस्ती एकाच मतानं पडली, २८ विरुद्ध २९.

आमच्या गोदामातल्या वयस्क हमालानं मतदानापूर्वी मला दोनदा विचारलं, ‘‘मालकांना कळणार नाही ना?’’ नाही कळणार, म्हटल्यावर तो गेला आणि मत देऊन आला. मालकांचंही त्या जागेसाठी एकच मत. थेट जागांसाठी जेमतेम ३६ टक्के मतदान झालं, पण डेमोक्रॅटिक पक्षानं एकूण १९ जागा जिंकल्या.

हे विधिमंडळ १९९९पर्यंत चालायचं होतं. चीननं ते मानलं नाही. शेजारच्या शेन्झेन शहरात हंगामी विधिमंडळ बसवलं आणि ३० जून १९९७च्या मध्यरात्री आम्ही निवडलेल्यांची पदं गेली. १९९८मध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा आयात-निर्यातीची जागा परत कंपन्या आणि संघटनांकडे गेली होती. हमालाकडे आणि माझ्याकडे एकेकच मत उरलं, राहत्या भागाचं.