नांदेड ते लातूर, व्हाया मुंबई

मराठीच्या प्राध्यापकाने यंत्रांच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या सौ.चे फार जुने मत आहे. मिक्सर दुरुस्त करताना मी एकदा अख्ख्या घराचे दिवे घालविले होते, तेव्हापासूनचे. तरीही यंदाच्या पावसाळ्यात ओळीने कितीतरी रविवार मी एका यंत्राशी झगडत बसलो. त्याची हकीगत वाचकांच्या कानावर घालावीशी वाटते, कारण आज घरोघरी मुले असले खेळ खेळतात आणि घरोघरी संध्याकाळी एकच आरोळी ऐकू येते, "कनेक्ट होईना!"

आमचे चिरंजीव आणि माझ्या अक्काचा मुलगा एकाच वयाचे. मे महिन्यात भाचा आमच्याकडे नांदेडला राहायला आला, येताना आपला लॅपटॉप घेऊन आला, आणि दोघांनी मिळून माइनक्राफ्ट नावाचा खेळ मांडला. हा खेळ स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा. २०११ साली तो पूर्ण रूपात बाजारात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. खेळात दगडमातीचे चौकोनी ठोकळे खणायचे आणि त्यांतून वाटेल ते बांधायचे. मुलांना काय सुचले कोण जाणे, त्यांनी आमचा गावाकडचा वाडा बांधायला घेतला. अहमदपूर तालुक्यातला हा वाडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तडकला आणि पुढे उतरवून टाकावा लागला. मुलांनी तो पाहिलेलाही नाही. माझ्या आईला विचारून विचारून त्यांनी दरवाजा उभा केला, ढाळज बांधली, आणि माळवद अर्धे टाकून झाले तोच जून उजाडला.

जून उजाडला म्हणजे लातूर आले. दहावीला बरे गुण पडले की मुलाला लातूरला घालायचे, हा आमच्या मराठवाड्यातला आता कुळाचारच झाला आहे. भाच्यालाही घातले. चार मुलांत मिळून एक खोली, सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास, आणि रविवारी संध्याकाळी सहा ते आठ मोकळीक. त्याला लातूरला घाला, हा सल्ला अक्काला मीच दिला होता, हे इथे सांगून टाकलेले बरे.

मुलांचे ठरले होते की दर रविवारी त्या दोन तासांत वाडा पुरा करायचा. खेळ आमच्या घरच्या संगणकावर मांडलेला. ज्या संगणकावर खेळ मांडतात त्याला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला यजमान म्हणू. बाकीचे खेळगडी पाहुणे. मेमध्ये एकाच घरात यजमान आणि पाहुणा यांची गाठ क्षणात पडत होती. जूनच्या पहिल्या रविवारी लातूरचा पाहुणा काही दारात येईना. फोन आला, "मामा, होईना की!" दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी फोनच आला नाही. सोमवारी अक्काचा आला. "अरे, ते पोरगं रविवारी जेवत नाही म्हणं. बोलतही नाही धड. तूच म्हणलास ना लातूरला घाल म्हणून?"

त्या रात्री मी चिरंजीवांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

जुन्या पोथीत एखादा पाठ बिघडलेला दिसला की आम्ही मंडळी सगळी पोथी फेकून देत नाही. एकेक नक्कल मागे मागे तपासत जातो आणि चूक नेमकी कोणत्या लेखकाच्या हातून शिरली ते पाहतो. मुले मात्र उलट करीत होती. एका दमात पाच गोष्टी बदलायच्या, राउटर बंद-चालू करायचा, खेळ काढून पुन्हा घालायचा, आणि मग कशाने काय झाले याचा पत्ताच नाही. मी म्हटले, "एका वेळी एकच गाठ तपासायची, आणि तीही घरापासून बाहेर."

पहिली गाठ, खुद्द यजमान. त्याच संगणकावरून १२७.०.०.१ हा पत्ता दिला की संगणक स्वतःच स्वतःच्या घरी पाहुणा जातो. गेला. म्हणजे यजमान जागा आहे. दुसरी गाठ, घर. माझ्या लॅपटॉपवर खेळ घालून मी दुसऱ्या खोलीतून गेलो. तोही गेला. तेव्हा बिघाड उंबरठ्याच्या पलीकडे होता.

इथे दोन इंग्रजी निरोपांचा अर्थ सांगायला हवा, कारण मुले ते न वाचताच मिटवून टाकतात. एक असतो 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि दुसरा 'कनेक्शन टाइम्ड आउट'. पहिला म्हणजे नकार: निरोप संगणकापर्यंत पोचला, पण त्या दाराशी ऐकायला कोणी बसलेले नव्हते. दुसरा म्हणजे मौन: कुणी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही, निरोप वाटेतच कुठेतरी जिरला. मी मुद्दाम खेळ बंद करून शेजारच्या खोलीतून हाक मारली, तेव्हा नकार आला. लातूरहून मात्र प्रत्येक वेळी मौन. नकार हेसुद्धा उत्तरच असते, हे मी वर्गात प्रेमकाव्य शिकविताना सांगत आलो आहे. त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

आता तिसरी गाठ, राउटर. बाहेरून आलेला पाहुणा घरातल्या कोणत्या यंत्राकडे सोडायचा हे राउटरला सांगून ठेवावे लागते. या खेळाच्या दाराचा ठरलेला क्रमांक २५५६५. चिरंजीवांनी तो नीट लिहिला होता, आणि 'पाहुण्यांना १९२.१६८.१.७ कडे पाठव' अशी आज्ञाही दिली होती. परंतु मध्यंतरी लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने घरातल्या यंत्रांना नव्याने क्रमांक वाटले. पाहतो तो सात क्रमांकावर आमचा दूरदर्शन संच! लातूरचा पाहुणा आला असता तरी त्याची गाठ टीव्हीशीच पडली असती. संगणकाचा क्रमांक कायमचा बांधून टाकला. तरी मौन.

खरी मेख यापुढे होती. राउटरच्या पानावर आमचा बाहेरचा पत्ता म्हणून जो आकडा दिसत होता तो १०० ने सुरू होत होता, आणि 'माझा पत्ता काय' असे इंटरनेटवर विचारले तर भलताच आकडा येई. या दोन आकड्यांत फरक असला की समजावे, आपण वाड्यातले बिऱ्हाडकरू आहोत.

म्हणजे असे. इंटरनेटची जुनी पत्त्यांची पद्धत अशी बेतलेली आहे की तीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात. जगाच्या कोठारातले शिल्लक गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. मग कंपन्यांनी जुन्या पेठांतल्या घरमालकांची युक्ती केली. दारावर पत्ता एकच, आत बिऱ्हाडे शेकडो. बिऱ्हाडकरूने बाहेर पत्र धाडले तर उत्तर बिनचूक येते, कारण कोणी धाडले याची नोंद दारवानाकडे असते. पण परगावचा पाहुणा आपणहून आला आणि दारवानाला नुसता वाड्याचा पत्ता सांगू लागला, तर तो कोणत्या बिऱ्हाडाकडे सोडणार? तो पाहुण्याला उत्तरच देत नाही. २०१२ साली अशा आतल्या बिऱ्हाडांसाठी पत्त्यांचा एक खास पट्टा राखून ठेवला गेला: पहिला आकडा १००, दुसरा ६४ ते १२७ यांच्यामधला. काही ठिकाणी १० ने सुरू होणारे आकडेही देतात. वाचकांनी आपापल्या राउटरवर पाहून घ्यावे. आंतरजालावर वाचणे, चित्रपट पाहणे, दुसऱ्याच्या यजमानाकडे खेळायला जाणे, यांपैकी कशालाच याने अडत नाही. घरी यजमान व्हायचे म्हटले की मात्र अडते.

नवी पद्धत निघाली आहे, तीत घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, आणि भारतात ती पुष्कळ पसरलीही आहे. आमच्याकडे ती होती, पण लातूरच्या खोलीमालकाकडे नव्हती. तेव्हा ती वाट खुंटली. शेवटी आमच्या जोडणीवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, स्वतंत्र पत्ता पाहिजे तर महिन्याला जादा आकार पडंल." इतके दिवस हे कुणी सांगितले का नाही, असे विचारणार होतो, पण कुणी विचारलेच नव्हते हेही खरे. पैसे भरले. सौ. म्हणाली, "खेळासाठी?" मी म्हटले, "अक्कासाठी."

पुढच्या रविवारी सहा वाजून चार मिनिटांनी भाचा वाड्याच्या दरवाजात उभा राहिला. मिनिटभराने तो अडखळला, मागे फेकला गेला, आणि पुन्हा पुढे आला.

"बाबा, पिंग बघा," चिरंजीव म्हणाले. पिंग म्हणजे पाण्याखालच्या पाणबुडीला शोधण्यासाठी सोडतात तसा ध्वनी. त्यावरून माइक म्यूस या अमेरिकनाने डिसेंबर १९८३ मध्ये आपल्या छोट्या कार्यक्रमाला हे नाव दिले. एक पाकीट पाठवायचे आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. आमचा आकडा ३८ हजारांश सेकंदावरून एकदम ४०० च्या वर उड्या मारीत होता.

मी म्हणालो, "आपली जोडणी शंभर एमबीपीएसची आहे ना?" ही चूक माझ्यासारखे सगळेच पालक करतात. लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींतून २५ लाख. पाणी अफाट, पण कुणाला पेलाभर या क्षणी हवे असते तर त्या गाडीचा काय उपयोग? शंभर एमबीपीएस म्हणजे वाघिणींची संख्या. खेळाला हवे असते पेलाभरच, पण ताबडतोब.

तो पेला कोण अडवीत होते? शोध स्वयंपाकघरात लागला. सौ. नेमकी रविवारी संध्याकाळी मंडळातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मैत्रिणींना पाठवीत असे. बाहेर जाणारी वाट अरुंद. तिथे व्हिडिओची रांग लागली की खेळाचे इवलेसे पाकीट रांगेच्या शेपटाला. व्हिडिओ आठनंतर जाऊ लागले. उरलेली उचकी वाय-फायची होती. आमच्या भिंती जुन्या, दगडी. राउटरपासून संगणकापर्यंत सरळ तार ओढली आणि आकडा ३८ वर स्थिरावला.

तरी ३८ का? लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर सुमारे १४० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन दीड हजारांशसुद्धा लागू नये. पाकिटाची वाट दाखविणारा एक कार्यक्रम असतो. तो चालविला तर मधल्या मुक्कामांत मुंबई! आमची कंपनी आणि खोलीमालकाची कंपनी वेगळी. दोघींची गाठ मुंबईत पडते. तपोवन एक्स्प्रेसला ज्या प्रवासाला दिवस जातो तो करून, पुढे लातूरची पाचशे किलोमीटर परत येऊन, पाकीट पोचते. अहमदपूरला उतरून गेले असते तर बरे, पण तसा थांबा नाही.

मला एक कल्पना सुचली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने हैदराबादेत आपले संगणकघर उघडले आहे. मुंबईचे २०१६ चे. १९५६ पर्यंत आमच्या फायली हैदराबादलाच जात. तिथे भाड्याचा यजमान घेतला तर नांदेडहून जवळ नाही का पडणार? चिरंजीवांनी चाचणी घेऊन दाखविली. आमच्या जोडणीवरून हैदराबादला निघालेले पाकीटसुद्धा आधी मुंबईलाच जात होते! नकाशावरचे जवळ आणि तारेवरचे जवळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक सांगायचे राहिले. प्रत्येक वेळी दोष तारेतच असतो असे नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी मोबाईलवर बंदी घातली. तिचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या काळात कितीतरी मुलांनी राउटर झटकले असतील. तेव्हा बिघाड शोधण्याआधी बातमी वाचावी.

परवाच्या रविवारी माळवद पुरे झाले. मी पेपर तपासत बसलो होतो. लातूरहून आवाज आला, "मामा, पेव कुठं होतं? ढाळजंत का अंगणात?"

मी म्हणालो, "अंगणात."

पलंगावरून आई उठून बसली. "याला काय ठाऊक? ढाळजंच्या उजव्या हाताला होतं. वर फरशी होती. खण म्हणावं तिथं."